वसंत की शरद?

परदेशप्रवास ही एके काळी धनिकांची आणि विद्वानांची मिरास समजली जाई. आज अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या मध्यमवर्गीय घरांतही जपानच्या आणि युरोपच्या सफरीचे बेत आखले जातात. असा प्रवास बहुधा वर्षानुवर्षांच्या काटकसरीतून घडतो, आणि तो पुन्हा घडेलच याची शाश्वती नसते. म्हणून तो कोणत्या ऋतूत करावा, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. फुलांच्या मोहाने पुष्कळांचे मन वसंताकडे ओढ घेते. माझे मत मात्र शरदाच्या बाजूचे आहे.

वसंताची थोरवी मी नाकारीत नाही. जपानमध्ये चेरीची झाडे फुलली, की आबालवृद्ध त्यांच्या छायेत एकत्र बसतात आणि त्या क्षणभंगुर शोभेचा आनंद लुटतात. परंतु ही शोभा जितकी मोहक, तितकीच लहरी आहे. एका झाडाचा पूर्ण बहर जेमतेम आठवडाभर टिकतो. पावसाची जोरदार सर आली, की तोही ओसरतो. क्योटो नगरीतील बहराच्या नोंदी बाराशे वर्षांपूर्वीपासूनच्या आहेत. एरवी एप्रिलच्या पूर्वार्धात येणारा तो बहर २०२१ साली २६ मार्चलाच ऐन भरात आला. इतक्या लवकर तो त्या नोंदींत पूर्वी कधीही आला नव्हता. पृथ्वीचे तापमान वाढत असताना फुलांचा मुहूर्त काही महिने आधी कोणी सांगावा? आणि तिकिटे तर तितकी आधीच काढावी लागतात!

शिवाय मार्च-एप्रिल हे आपल्याकडे परीक्षांचे दिवस. मुलांची शाळा बुडवून त्यांना फुले दाखवायला नेणे उचित नव्हे. आणि त्यांना मागे ठेवून आपण जाणे त्याहूनही नव्हे. दिवाळीची सुटी मात्र शरदातच येते. त्या सुमारास उत्तरेकडील थंड देशांत पानझडीपूर्वीचा रंगोत्सव चाललेला असतो. दिवस लहान आणि थंड होऊ लागले, की पानांतील हरितद्रव्य लोप पावते. त्याखाली दडलेला पिवळा रंग प्रकट होतो, आणि काही वृक्षांच्या पानांत तांबडा रंग नव्याने तयार होतो. जपानमध्ये रंगांची ही लाट उत्तरेला होक्काइडोच्या पर्वतांवर सप्टेंबरात उठते आणि दक्षिणेकडे सरकत क्योटोला नोव्हेंबरात पोहोचते. त्यामुळे दिवाळी ऑक्टोबरात येवो वा नोव्हेंबरात, प्रवाशाला ती कोठे ना कोठे गाठता येते. सप्टेंबरात तेथे वादळांचे भय असते, हे खरे. परंतु दिवाळीपर्यंत ते पुष्कळसे ओसरते. तरीही ज्यांना वसंतच हवा, त्यांनी दिवाळीत ऑस्ट्रेलियाला जावे. आपला शरद तो तेथील वसंत!

शरदात घराबाहेर पडणे आपल्या परंपरेलाही धरून आहे. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तील रघू शरद ऋतूतच दिग्विजयाला निघतो. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर जात. पावसाळ्याचे तीन महिने एके ठिकाणी राहावे आणि आश्विनी पौर्णिमेनंतर पुन्हा भ्रमंतीला निघावे, असा बौद्ध भिक्षूंचा नियम होता. बोरिवलीजवळची कान्हेरीची लेणी ही अशाच भिक्षूंची वसतिस्थाने. नद्या उतरल्या, वाटा वाळल्या, आकाश निवळले, की मनुष्याने नव्या मुलखाकडे पाऊल टाकावे, ही आपली जुनी रीत आहे.

मग वसंत वाया घालवावा काय? मुळीच नाही. तो आपल्या घरी राहूनच पाहावा. फाल्गुनाच्या सुमारास बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरावे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांच्या त्या वनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेली दिसतात. पाने गळालेल्या फांद्यांवर ती लाल-केशरी फुले पेटलेल्या ज्योतींसारखी शोभतात, आणि मधासाठी पक्ष्यांची तेथे झुंबड उडते. यासाठी ना पारपत्र लागते, ना विमानाचे तिकीट. मुलांनी एखाद्या रविवारी आईवडिलांचा हात धरून त्यांना तेथे न्यावे. दाराशी फुललेला पळस ज्याने कधी निरखून पाहिला नाही, त्याला दूरदेशीची चेरी तरी कितीशी दिसणार?