साथ ओसरली; पुढे काय?

१ एप्रिल २०२० रोजी धारावीत कोरोनाचा पहिला रोगी सापडल्यावर मुंबई महानगरपालिकेने जे केले, त्याबद्दल तिचे अभिनंदन करण्यास आम्ही कचरत नाही. रोगी दारी येण्याची वाट न पाहता तिची माणसे घरोघर गेली. शाळा विलगीकरणास दिल्या. सार्वजनिक शौचकूप वारंवार धुतले. एका शौचकूपापुढील शेकडोंची रांग रोग पसरविते, म्हणूनच ना ते धुतले? मग साथ ओसरताच ती रांग पालिकेस दिसेनाशी का व्हावी? १८९६ च्या प्लेगानंतर सुधारणा ट्रस्टाने चाळी पाडल्या फार, बांधल्या थोड्या, हे तिच्या दप्तरी आहेच. मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षे तर जाब विचारावयास लोकनियुक्त सभागृहही नव्हते! पुनर्विकास सरकारचा, असे उत्तर मिळेल. तोवर नळ व मोऱ्या कोणाच्या? त्यांची तारीखवार योजना पालिकेने प्रसिद्ध करावी, अशी आमची मागणी आहे.