काटकसर कीं कृपणता?

पैसा खर्च करूं नये हें सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. परंतु थोडा पैसा असतां तो नेमका कोठें घालावा व कोठें मुळींच घालूं नये, हें सांगणारा मनुष्य विरळा. आमच्या वाचकांच्या घरीं अलीकडे ज्या एका वस्तूवरून हा प्रश्न वारंवार उपस्थित होतो, ती वस्तु म्हणजे संगणकाचें ग्राफिक्स कार्ड. मुलें मागतात, वडील मंडळी कपाळास आठ्या घालतात, आणि शेवटीं ‘घ्या बापडे, पण स्वस्तांतलें घ्या,’ असा निकाल लागतो. हा निकाल वरवर समंजसपणाचा दिसतो. पण पुष्कळदां तोच सर्वांत महाग पडतो. म्हणून या महिन्यांत त्याचाच थोडा विचार करूं.

प्रथम ही वस्तु करते काय तें पाहूं. संगणकाच्या पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. आजच्या साधारण मॉनिटरवर आडवे 1920 व उभे 1080, म्हणजे एकंदर 20,73,600 ठिपके असतात. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत लागला, तेव्हां त्यांतील चित्रें आधींच काढून ठेवलेलीं होतीं. तीं एकामागून एक दाखवावयाचीं एवढेंच यंत्राचें काम होतें. संगणकावरील खेळांत, किंवा इमारतीच्या त्रिमिति आराखड्यांत, तसें नसतें. पाहणारा डावीकडे वळला तर डावीकडचें चित्र त्याच क्षणीं तयार करावें लागतें. सेकंदास अशीं साठ चित्रें हवीं असल्यास दर सेकंदास सुमारें 12 कोटी 44 लक्ष ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. हें काम मुख्य प्रोसेसराकडून करवून घेणें म्हणजे सबंध शाळेच्या उजळणीच्या वह्या एकट्या हेडमास्तरांकडून तपासून घेण्यासारखें आहे. ग्राफिक्स कार्डांत शेंकडों, किंबहुना हजारों लहान गणक एकाच वेळीं बसून सोपीं गणितें उरकीत असतात. त्या गणकांजवळ त्यांची स्वतंत्र स्मरणशक्ति, म्हणजे मेमरीहि असते.

आतां मुख्य प्रश्न हा कीं, हें कार्ड आपल्या घरीं हवें आहे काय? बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार, मुलांचे ऑनलाइन तास, परदेशांतील चिरंजीवांशीं व्हिडिओवरून बोलणें, चित्रपट पाहणें, या कामांस निराळें कार्ड लागत नाहीं. आजच्या बहुतेक प्रोसेसरांत चित्र काढण्याची बेताची सोय अंगचीच असते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नांवाशेवटीं ‘एफ’ हें अक्षर असतें, त्यांत मात्र ती नसते. तेथें कार्डावांचून गत्यंतर नाहीं. उलट ए. एम. डी.च्या ‘जी’ अक्षराच्या रायझन प्रोसेसरांत ती विशेष चांगली असते. संगणक मंद चालतो एवढीच तक्रार असेल, तर दोष पुष्कळदां जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागीं एस. एस. डी. बसवावी. रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडावी. कारण अंगचें ग्राफिक्स रॅमच्याच जोरावर चालतें, आणि दोन पट्ट्यांनीं त्याचा वेग सहज लक्षांत येईल इतका वाढतो. अशा घरानें कार्डाचा विचार सोडून द्यावा, हाच आमचा सल्ला.

परंतु ज्या घरीं त्याची खरी गरज आहे, तेथें काय होतें तें एका उदाहरणावरून पाहण्यासारखें आहे. गिरगांवांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत पुतणी वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयांत शिकते. तिनें घरचा कारभार पाहणाऱ्या काकांस विचारलें, “काका, वर्षअखेरच्या कामाला ग्राफिक्स कार्ड लागेल. घेऊं या का?” काका म्हणाले, “अगं, घेऊं या कीं. पण बेतानें हो, पैसा सगळ्यांच्या सामाईक डब्यांतून जायचा आहे.” यांत वावगें कांहींच नव्हतें. पुढें काका स्वतः बाजारांत गेले आणि सर्वांत कमी किंमतीचें नवें कार्ड घेऊन आले. त्यावर जी. टी. 1030 असें नांव होतें व ‘दोन गिगाबाइट’ असें ठळक छापलेलें होतें. कार्ड बसलें, पंखा फिरूं लागला, परंतु मुलीचें काम पूर्वीइतकेंच रखडत राहिलें. ती कांहीं बोलली नाहीं. परीक्षेपूर्वींच्या कित्येक रात्री तिनें परळास मैत्रिणीच्या घरीं जाऊन काढल्या. त्यानंतर तिनें घरांत कांहींच मागितलें नाहीं. काकांच्या हिशेबीं पैसे वाचले. आमच्या हिशेबीं पैसे तर गेलेच, आणि ‘घरीं सांगून उपयोग नाहीं’ अशी मुलीची समजूत झाली, ती निराळीच. ही दुसरी हानि भरून येण्यास फार दिवस लागतात.

यांत चुकलें काय? जी. टी. 1030 या एकाच नांवाखालीं दोन निराळ्या वस्तु विकल्या गेल्या आहेत. 2017 सालीं आलेल्या पहिल्या कार्डांत जी. डी. डी. आर. 5 जातीची मेमरी होती. तिच्यांतून सेकंदास 48 गिगाबाइट माहितीची ने-आण होई. 2018 सालीं त्याच नांवानें दुसरें कार्ड निघालें. त्यांत साधी डी. डी. आर. 4 मेमरी घातली, आणि ही ने-आण 16.8 गिगाबाइटांवर, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांशावर आली. मेमरी दोहोंतहि दोनच गिगाबाइट! चाळींत राहिलेल्या वाचकांस हें लवकर समजेल: टाकी तेवढीच, पण नळ बारीक, सकाळच्या घाईंत टाकीचा आकार पाहून काय उपयोग? ऑटोकॅडच्या निर्मात्यांनीं अगदीं किमान म्हणून 29 गिगाबाइटांचा वेग सांगितलेला आहे. म्हणजे ही दुसरी वस्तु त्या उंबरठ्याच्या आंतहि येत नाहीं. त्याहून स्वस्त असें जी. टी. 710 तर 14.4 गिगाबाइटांवरच थांबतें. शास्त्रकारांनीं अशा वस्तूंस अजागलस्तनाची उपमा दिली आहे. शेळीच्या गळ्याशीं लोंबणारे ते स्तन दिसतात स्तनांसारखे, पण त्यांतून दूध निघत नाहीं.

आणखी एक गोष्ट दुकानांत कोणी आपण होऊन सांगत नाहीं. कार्ड चालण्यास ड्रायव्हर नांवाचें सॉफ्टवेअर लागतें व तें कंपनी वरचेवर सुधारून देते. एनव्हिडियानें जी. टी. 710 च्या पिढीस नवे खेळांचे ड्रायव्हर देणें 2021 सालींच थांबविलें, जी. टी. 1030 व जी. टी. एक्स. 1050 टी. आय. यांच्या पिढीचा तसा शेवटचा ड्रायव्हर ऑक्टोबर 2025 मध्यें निघाला. पेटी नवी कोरी असली तरी आंतील वस्तु सेवानिवृत्त झालेली असूं शकते.

मग घ्यावें काय? येथें कार्डाच्या आधीं आपल्या संगणकाची पेटी उघडून पाहावी. मदरबोर्डावरील खांचेंतून कार्डास जास्तींत जास्त 75 वॉट वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डास वीजपुरवठ्याच्या डब्यांतून, ज्याला बाजारांत एस. एम. पी. एस. म्हणतात, निराळी तार द्यावी लागते. कचेरींतून निकालांत निघालेल्या जुन्या संगणकांत ही तार बहुधा नसते. अशा ठिकाणीं 2024 सालीं आलेलें आर. टी. एक्स. 3050 चें सहा गिगाबाइटांचें कार्ड सोयीचें पडतें. त्यास 70 वॉट पुरतात. परंतु येथेंहि नांवाचा घोळ आहेच. 2022 चें मूळ आर. टी. एक्स. 3050 आठ गिगाबाइटांचें, 130 वॉटांचें व अधिक वेगवान आहे. त्याचा नळ 224 गिगाबाइटांचा, तर धाकट्याचा 168 चा. धाकटें घेण्यांत कमीपणा नाहीं, मात्र थोरल्याचे पैसे देऊन धाकटें घरीं आणूं नये. ए. एम. डी.चें आर. एक्स. 6400 अवघ्या 53 वॉटांवर चालतें. पण त्यांत व्हिडिओ तयार करतांना उपयोगी पडणारी एन्कोडरची सोय नाहीं, आणि जुन्या मदरबोर्डावर त्याचा वेग कमी होतो. एस. एम. पी. एस. चांगला असून मुख्य काम खेळण्याचें असेल, तर त्याच कंपनीचें 2021 चें आठ गिगाबाइटांचें आर. एक्स. 6600 विचारांत घेण्याजोगें आहे. ब्लेंडर हें त्रिमिति चित्रांचें सॉफ्टवेअर फुकट मिळतें. त्याचे कर्ते किमान दोन गिगाबाइट मागतात, शिफारस आठांची करितात. शिकणाऱ्या मुलानें याच दोन आंकड्यांच्या मध्यें आपली जागा शोधावी. विजेचा हिशेबहि करून ठेवावा: 130 वॉटांचें कार्ड रोज चार तास पूर्ण जोरानें चाललें, तर महिन्यास सुमारें साडेपंधरा युनिटें बिलांत वाढतात.

खरेदीस मुंबईकरांनीं कोठें जावें हें सांगणें नकोच. लॉर्ड लॅमिंग्टन हे 1903 ते 1907 या काळांत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नांवाचा रस्ता आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला आहे, तरी ग्रँट रोड स्टेशनावर उतरणारा विद्यार्थी अजून लॅमिंग्टन रोडच विचारतो. तेथें निदान तीन दुकानीं भाव विचारावा. कार्डाचें पूर्ण नांव, मेमरीची जात व गिगाबाइट कागदावर लिहून न्यावे, व तोच मजकूर अनुक्रमांकासह पक्क्या बिलावर उतरवून घ्यावा. बिलावांचून दोनचारशें रुपये सुटतात खरे, पण त्यांबरोबर हमीहि सुटते.

वापरलेलें कार्ड घेण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं. पुस्तकें आम्हीं जन्मभर तशींच घेतलीं. तरी एवढें ध्यानांत असावें कीं, इथेरियम नामक आभासी चलन मिळविण्यासाठीं हजारों कार्डें रात्रंदिवस राबविलीं जात होतीं. 15 सप्टेंबर 2022 रोजीं त्या चलनाची पद्धत बदलली व तीं कार्डें जुन्या बाजारांत आलीं. कांहीं लबाड लोक जुन्या कार्डास नव्याचें नांव शिकवूनहि विकतात. जी. पी. यू.-झेड हें फुकट मिळणारें साधन लावून पाहिल्यास असलीं पुष्कळ सोंगें उघडीं पडतात. आणि परीक्षा घाईनें आटपूं नये. एक शीत दाबून सबंध भाताची परीक्षा होते, कार्डाची होत नाहीं. पांच मिनिटें सुरळीत चाललेलें कार्ड पंचविसाव्या मिनिटास तापून बंद पडतें. अर्धा तास पूर्ण जोरानें चालवून दाखविण्यास जो तयार नाहीं, त्याच्याशीं व्यवहार करूं नये.

आतां वडील मंडळींस दोन शब्द. ‘हीं सारीं खेळण्याचीं थेरें’ असें म्हणून विषय झटकूं नये. खेळासाठीं मागणी असेल तर तसें स्पष्ट बोलून तासांची मर्यादा घालावी. खेळ म्हणजे पाप नव्हे. कामासाठीं असेल, तर मागणाऱ्या मुलास किंवा मुलीस अर्धा ताव कागद द्यावा आणि त्यावर पांच गोष्टी लिहून आणण्यास सांगावें: काम कोणतें, त्यास सॉफ्टवेअर कोणतें, त्याच्या कर्त्यांनीं काय मागितलें आहे, आपला एस. एम. पी. एस. किती वॉटांचा, आणि या सर्वांस पुरेल असें सर्वांत स्वस्त कार्ड कोणतें. असा कागद लिहितांना अर्ध्या हौसा आपोआप गळून पडतात, आणि उरते ती खरी गरज.

मग घरापुढें तीन प्रामाणिक उत्तरें राहतात. गरज नसेल तर ‘नको’ म्हणावें. गरज व पैसा दोन्ही असतील तर त्या कागदावरचेंच कार्ड आणावें. गरज असून पैसा कमी असेल, तर ‘दिवाळीपर्यंत थांब, दरमहा इतके बाजूला ठेवूं,’ असें सांगावें, आणि तें पाळावें. तरुण माणसें नकार सोसतात, विलंबहि सोसतात. परंतु मागणें ऐकून न घेतां हातावर ठेवलेली निरुपयोगी वस्तु त्यांच्या मनांत राहते. काटकसर व कृपणता यांचा भेद आम्हांस येथें दिसतो. काटकसर आधीं गरज विचारते व मग किंमत पाहते. कृपणता किंमत पाहून मोकळी होते.