शोकेसमधली साकेची पेली

मध्यंतरी एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. शोकेसमध्ये चिनी मातीची छोटी पेली होती. तिच्यावर जपानी सैन्याचा किरणांचा झेंडा आणि एक विमान. "१९४२ साली सिंगापूर पडलं ना, तेव्हाची आहे," ती कौतुकाने म्हणाली. मला ती नकली वाटली. वाण लुटायच्या वेळी असं कोण बोलणार? म्हणून इथे लिहिते.

या पेल्या साके, म्हणजे तांदळाची दारू, पिण्याच्या. जपानी शिपाई मुदत संपवून गावी परतला की निरोप देणाऱ्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आभार म्हणून त्या वाटायचा. आपण लग्नामुंजीत नाव घालून भांडी देतो ना, तसंच. म्हणून खऱ्या पेलीवर बहुधा पलटणीचं नाव, 'मुदत पूर्ण' अशा अर्थाची अक्षरं आणि पुष्कळदा त्या शिपायाचं आडनावही सापडतं. आता विचार करा, १९४२ नंतर मुदत संपवून घरी गेलेले असे कितीजण असतील? आत्मघातकी वैमानिकांची पथकं तर ऑक्टोबर १९४४ मध्ये निघाली. त्यांच्या नावाची पेली परत येऊन वाटणार कोण? नकली पेल्यांवर मात्र नेमकी हीच चित्रं असतात, कारण ती खपतात.

पेली हातात घ्या आणि भिंगातून पाहा. वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी ठिपक्यांची जाळी दिसली तर चित्र अलीकडच्या छपाईचं. जुनं सोनेरी काम झिलईच्या वर केलेलं असतं, त्यामुळे ओठ आणि बोटं लागतात तिथे ते झिजतं. सगळीकडे सारखंच 'झिजलेलं' असेल तर ते कोणीतरी घासलंय. बुडाच्या कड्यावरचा मळही असाच फासलेला असू शकतो. युद्धकाळातल्या साध्या जपानी कपबश्यांच्या बुडाला बरेचदा प्रांताचं एक अक्षर आणि आकडा असतो, उदाहरणार्थ गिफू प्रांताचं 'गि'. तो सरकारी नियंत्रणाचा क्रमांक. मला विचाराल तर झेंडेवाल्या पेलीपेक्षा अशी साधी बशी जास्त खरी गोष्ट सांगते, पण तिला कोणी विचारत नाही!

"नकली असली तर बिघडलं कुठे? शोभेचीच तर आहे," असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. खऱ्या पेलीवर गावाकडे परतलेला एक माणूस आहे. नकलीवर नुसता पराक्रम. आपली मुलं इथल्या शाळेत १५ फेब्रुवारी १९४२ ची शरणागती शिकतात, बुकित तिमाच्या जुन्या फोर्ड कारखान्यात सहलीला जातात. त्याच महिन्यात सुरू झालेल्या 'सूक चिंग'मध्ये हजारो चिनी पुरुष मारले गेले. बीच रोडच्या १९६७ च्या स्मारकाखाली त्या काळात बळी पडलेल्यांचे अवशेष आहेत. आणि घरी आल्यावर मुलांना शोकेसमध्ये ते विमान दिसतं.

अस्सल पेली जरूर ठेवावी, पण कपाटात, कागदात गुंडाळून. कोणी विचारलं तर काढून दाखवावी आणि तिच्यावर कुणाचं नाव आहे ते वाचून सांगावं. दर्शनी जागी नको. माझ्या मैत्रिणीच्या मजल्यावर एक चिनी आजी राहतात. चिनी नववर्षाला त्या संत्री घेऊन येतात आणि बसतात नेमक्या त्या शोकेससमोर.

मैत्रिणीने हे वाचलं तर रागावू नये, फोन करावा. भिंग मी घेऊन येईन.