मोजणी कुणाच्या सोयीची?

बाईचे काम मोजायला निघालेली मापे नेहमीच अपुरी पडत आली आहेत. शेतात राबणारी बाई जनगणनेत ‘काम करणारी’ ठरावी म्हणून १९९१ साली प्रश्नातच विनामोबदला कामाचा उल्लेख घालावा लागला. विद्यापीठांतली मोजणीही अशीच तपासायला हवी.

मी महाविद्यालयात गणित शिकवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने बढतीसाठी गुणांकन आणले आणि ‘निबंध किती?’ हा प्रश्न आमच्या मानगुटीवर बसला. जोडीला हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक आहे. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी किमान दहा वेळा इतरांनी संदर्भ दिला, त्याचा निर्देशांक दहा. म्हणजे पाचच निबंध लिहिणारीचा आकडा पाचाच्या वर जाऊच शकत नाही, मग त्या निबंधांचा संदर्भ जगाने हजार वेळा देवो.

या मापाने मरियम मिर्झाखानी यांचे काम मोजून पाहा. १९७७ मध्ये तेहरानला जन्मलेल्या या भूमितिज्ञ २०१४ साली फील्ड्स पदक मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. वक्र पृष्ठभागावर स्वतःला न छेदणाऱ्या बंद वाटा किती, यावरचा त्यांचा प्रबंध २००४ चा. त्यातले मोठे निबंध छापून आले २००७-०८ मध्ये. अॅलेक्स एस्किन यांच्यासोबतचा दोनशेहून अधिक पानांचा निबंध २०१३ मध्ये मसुद्याच्या रूपात अभ्यासकांपुढे आला. त्या वेळी मुलगी लहान होती आणि त्याच वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले. नियतकालिकात तो छापला गेला २०१८ मध्ये. मरियम २०१७ मध्येच, चाळिसाव्या वर्षी, गेल्या होत्या. इतक्या वर्षांच्या कामाची तक्त्यातली नोंद काय? निबंध एक, तोही दोघांत वाटलेला.

मरियम यांना मान मिळाला, कारण जाणकारांनी त्यांचे काम वाचले. आमच्याकडच्या प्राध्यापिकेचे काम कोण वाचते? बाळंतपण, आजारपण, सासू-सासऱ्यांचे पथ्यपाणी यांत गेलेली वर्षे तक्त्यात नुसती रिकामी दिसतात. शेजारच्या सहकाऱ्याची वर्षे भरलेली असतात, कारण त्याचे घर दुसरे कुणीतरी सांभाळत असते.

काही मैत्रिणी म्हणतात, समितीच्या मर्जीपेक्षा आकडा बरा. निदान तो वशिला पाहत नाही. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण आकडाही निःपक्षपाती नाही. सलग, विनाखंड नोकरी करणाऱ्यालाच तो झुकते माप देतो.

म्हणून प्राध्यापक संघटनांनी आणि आपल्या गटांनी मिळून तीन मागण्या लावून धराव्यात. उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन निबंध समितीने वाचावेत. संगोपनाची आणि शुश्रूषेची वर्षे हिशेबातून वगळावीत. नकार दिला तर त्याची कारणे लेखी द्यावीत.

बायांना यात सवलत नको आहे. माप सरळ असावे, एवढेच मागणे आहे.