काना, मात्रा आणि ठिपके

उन्हाळ कांद्याचे पैसे हातात आले की देवळ्यात पाच कंदील चौकाच्या आसपासच्या मोबाइल दुकानांत वर्दळ वाढते. काउंटरवर दोन फोन शेजारी-शेजारी मांडलेले असतात. दोन्हींच्या पडद्यावर तोच निळाशार समुद्र, तेच रंगीत पोपट. ‘‘नाना, हा एचडी प्लस, हा फुल एचडी प्लस,’’ दुकानातला पोरगा सांगतो. किमतीत दोन-अडीच हजारांचा फरक. नाना दोन्ही फोन आलटून-पालटून न्याहाळतात आणि विचारतात, ‘‘पण फरक काय?’’ पोरगा म्हणतो, ‘‘क्लॅरिटी.’’

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर अर्धवट. समुद्र नि पोपट कुठल्याही पडद्यावर छानच दिसतात; लाट थोडी इकडची तिकडे झाली म्हणून कुणाचे काही अडत नाही. नानांना फोन समुद्र पाहायला नको आहे. त्यांना उमराणे बाजार समितीतले कांद्याचे भाव वाचायचे आहेत, सातबारा उघडायचा आहे, ई-पीक पाहणी नोंदवायची आहे, नातवाचा धडा घ्यायचा आहे. म्हणजे मराठी अक्षर वाचायचे आहे. पडद्याच्या रिझोल्यूशनचा हिशेब मांडायचा तर तो इथून मांडायला हवा.

पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. तेवढ्याच अंगणात ठिपके जवळजवळ टाकले तर वळण गोलाईदार येते, लांब-लांब टाकले तर कोपरे पडतात. हे रांगोळी घालणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. आजच्या साध्या एचडी प्लस फोनवर साधारणपणे १६०० गुणिले ७२० म्हणजे साडेअकरा लाख ठिपके असतात. फुल एचडी प्लसवर २४०० गुणिले १०८० म्हणजे जवळपास २६ लाख. सव्वादोन पट. पण डोळ्याला एकूण संख्येशी देणेघेणे नसते, घनतेशी असते. साडेसहा इंची पडद्यावर पहिल्या फोनमध्ये इंचाला सुमारे २७० ठिपके येतात, दुसऱ्यात सुमारे ४०५. आता १२८० गुणिले ८०० ठिपक्यांचा स्वस्त टॅब्लेट घ्या. त्याच्याही खोक्यावर ‘एचडी’ असू शकते. पण त्याचा पडदा दहा इंची असल्याने इंचाला जेमतेम दीडशे ठिपके पडतात. तोच शब्द, अंगण मोठे आणि रांगोळी विरळ.

मग किती ठिपके पुरेत? निरोगी डोळा अंशाच्या साठाव्या भागाएवढे अंतर वेगळे ओळखू शकतो, असे नेत्रविज्ञान ढोबळमानाने मानते. फोन डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरला तर याचा अर्थ होतो इंचाला सुमारे २९० ठिपके. त्यापुढे वाढवलेले ठिपके बहुतेकांना सुटे दिसत नाहीत. टॅब्लेट आपण मांडीवर किंवा टेबलावर, ४० सेंटिमीटरवर ठेवतो. तिथे सुमारे २२० पुरतात. १९२० गुणिले १२०० ठिपक्यांचा दहा इंची टॅब्लेट नेमका या उंबरठ्यावर बसतो, दीडशेवाला त्याच्या बराच खाली राहतो.

जून २०१० मध्ये ॲपलने आयफोन ४ आणला तेव्हा स्टीव्ह जॉब्ज यांनी हाच हिशेब जगाला ऐकवला. आधीच्या आयफोनवर इंचाला १६३ ठिपके होते, नव्यावर ३२६. तीनशेच्या पुढे ठिपके डोळ्याला वेगळे दिसत नाहीत, असा त्यांचा दावा होता. तीक्ष्ण नजरेच्या माणसाला दिसतात, असा आक्षेपही लगेच आला. २०१२ मध्ये आयपॅडची घनता १३२ वरून २६४ वर गेली. पुढची गंमत त्याच वर्षातली. गुगलच्या नेक्सस ७ या छोट्या टॅब्लेटवर २१६ ठिपके असताना ॲपलने आयपॅड मिनी १६३ वरच बाजारात आणला. समीक्षकांनी नाके मुरडली, तरी तो चांगला खपला, कारण हातात हलका होता आणि ॲप भरपूर होती. वर्षभरात त्याचीही घनता ३२६ झाली. पडद्याची ओढ खरी असते, पण ती एकटी सौदा जमवत नाही, एवढे यातून दिसते.

ओढीला धरबंद राहिला नाही की काय होते, तेही बाजाराने पाहिले. २०१५ मध्ये सोनीने साडेपाच इंची फोनवर इंचाला ८०६ ठिपके ठासून भरले. ते मोजायला भिंग लागेल. जादा ठिपका फुकट मिळत नाही. तो रंगवायला प्रोसेसर राबतो, बॅटरी झिजते. म्हणूनच २०१७ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस ८ ला अधिक बारीक पडदा दिला, पण फोन खोक्यातून निघताना तो फुल एचडी प्लसवरच लावलेला असे. बरेच फोन आज चारशेच्या आसपास स्थिरावले आहेत, ते उगाच नाही.

इथवरचा हिशेब इंग्रजी वाचणाऱ्याचा झाला. मराठी वाचणाऱ्याचा वेगळा आहे, आणि आपल्याकडे तो कुणी मांडत नाही.

रोमन अक्षर बहुतांशी एका पट्ट्यात बसते. देवनागरीची ओळ म्हणजे तीन मजली घर. मधल्या मजल्यावर अक्षर, शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि तळघरात उकार, ऋकार, जोडाक्षराचा खाली लोंबणारा पाय. ‘मूर्तींना’ हा शब्द घ्या. खाली दीर्घ ऊकार; वर एकाच ‘त’च्या डोक्यावर दुसरी वेलांटी, तिला बिलगलेला रफार आणि त्यावर अनुस्वार. फोनवर ही सगळी ओळ वरपासून खालपर्यंत अडीच मिलिमीटरची धरली, तर १६३ घनतेच्या पडद्यावर तिच्या वाट्याला उभे १६ ठिपके येतात. त्यांतला वरच्या मजल्याचा वाटा साधारण चौथा धरा: चार ठिपके. चार ठिपक्यांत वेलांटीचे वळण, रफाराची कमान आणि अनुस्वाराचे टिंब बसवायचे! २७० घनतेवर तिथे सहा-सात ठिपके मिळतात, ४०५ वर दहा. इंग्रजी वाचणाऱ्याला २७० आणि ४०५ मधला फरक ‘जरा जास्त छान’ वाटेल. मराठी वाचणाऱ्याला तो ‘कळते’ आणि ‘अंदाजाने कळते’ यांतला वाटू शकतो.

ही अडचण नवी नाही. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक त्याच्या सुबक खिळ्यांमुळे झाला. बारीक अक्षरात जोडाक्षर स्वच्छ उमटवणे ही तिथल्या कारागिरांची कसोटी होती. पुढे विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी रेखाटला. तेव्हाचे संगणकाचे पडदे आजच्या मानाने फार विरळ होते आणि रफार-वेलांटी त्यातच बसवायची होती. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर तर मराठी संदेशाच्या जागी रिकामे चौकोन दिसत. त्या चौकोनांपासून आजच्या स्वच्छ अक्षरापर्यंत आपण आलो त्यात सॉफ्टवेअरइतकाच दाट ठिपक्यांचाही हात आहे.

आता हे शेतावर आणून पाहू. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या फोनवर आली. गट क्रमांक, क्षेत्र, पोटखराब, सगळे त्या पडद्यावर वाचून निवडायचे. मराठी आकड्यांत १ आणि ९ यांच्यात एका गाठीचा फरक. विरळ पडद्यावर ती गाठ पुसट होते. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांचेही तसेच. बाजारभावाच्या तक्त्याचा कुणी स्क्रीनशॉट काढतो, त्याचा पुन्हा स्क्रीनशॉट निघतो. खर्ड्याच्या किंवा लोहोणेरच्या ग्रुपवर पोहोचेपर्यंत ११०० की १९०० हे विचारायला फोन करावा लागतो.

मात्र इथे दोष दर वेळी पडद्याचा नसतो. मुळात पुसट असलेले चित्र कितीही दाट ठिपक्यांवर पाहिले तरी पुसटच राहणार. बोटांनी ताणल्याने ते मोठे होते, स्पष्ट होत नाही. महसूल विभागाचे जुने फेरफार आता स्कॅन होऊन घरबसल्या पाहता येतात, ही मोठीच सोय. पण बोरूने लिहिलेली ती पाने वाचता येतील की नाही हे स्कॅन करणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. डाळिंबाच्या तेल्या रोगाचेही तसेच. पानावरचे सुरुवातीचे तेलकट, पाणचट ठिपके ओळखायचे तर फोटो स्वच्छ हवा. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचन पावतो आणि नेमके तेच तपशील गळतात. म्हणून सहायक कृषी अधिकाऱ्याला फोटो पाठवताना एचडीचा पर्याय निवडावा किंवा तो फाइल म्हणून धाडावा. चित्रपटांच्या काही ॲपवर याच्या उलट घडते. पडदा फुल एचडी असतो, पण फोनला नक्कल-प्रतिबंधाची वरची मान्यता नसल्याने ॲप कमी दर्जाचेच चित्र सोडते. पैसे पडद्याचे मोजले, पाहिले मात्र जुन्या टीव्हीसारखे.

आणखी दोन गोष्टी ठिपक्यांवर कुरघोडी करतात. पहिली ऊन. रब्बीची नोंद करायला माणूस बांधावर उभा राहतो तेव्हा मंद पडद्यावर त्याला अक्षराऐवजी स्वतःचे तोंड दिसते. तिथे ठिपके दुप्पट असून उपयोग नाही, उजेड हवा. दुसरी गोष्ट वय. चाळिशीनंतर जवळचे धूसर होऊ लागते, हात आपोआप लांब जातो, फोन ४०-४५ सेंटिमीटरवर पोहोचतो. त्या अंतरावर २७० ठिपकेही डोळ्याला पुरून उरतात. कमी पडतो तो अक्षराचा आकार. अशा माणसाने घनतेसाठी जादा पैसे मोजण्याआधी सेटिंगमध्ये अक्षर मोठे करावे आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. हा सल्ला दुकानदार देणार नाही, कारण त्यात विकण्यासारखे काही नाही.

मुलांचे गणित उलटे असते. त्यांचे डोळे तीक्ष्ण, पुस्तक जवळ धरायची सवय, आणि वाचन तासन्‌तास. २०११ मध्ये गाजावाजा करून आलेल्या ‘आकाश’ टॅब्लेटवर सात इंचांत ८०० गुणिले ४८० ठिपके होते, इंचाला सुमारे १३३. स्वस्ताई हा त्याचा गुण होता, पण त्यावर मराठी धडा वाचणे म्हणजे डोळ्यांना मजुरी. आज बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये मोफत मिळतात. महाज्योतीसारखी सरकारी संस्था प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब्लेट देते. हे चांगलेच आहे. सार्वजनिक पैशातून टॅब्लेट घेताना निविदेत इंच आणि जीबी यांच्याबरोबर इंचाला किमान २२० ठिपके, अशीही अट असावी. त्याच्या शेजारी दुसरी अट शासनाने स्वतःला घालून घ्यावी: जो मजकूर टाइप केलेला आहे तो लोकांना मजकूर म्हणूनच द्यावा, त्याचा फोटो काढून नव्हे. मजकूर मोठा केला तर प्रत्येक पडद्यावर नव्याने रेखीव उमटतो. यासाठी कुणाला नवा फोन घ्यावा लागत नाही.

उरला प्रश्न नानांचा. दोन-अडीच हजार जास्त मोजावेत का? त्यांनी काउंटरवरचे पोपट बंद करायला सांगावेत आणि दोन्ही फोनवर स्वतःचा सातबारा उघडावा. मग दोन्ही फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर, उन्हात यावे, हात रोजच्यासारखा धरावा आणि गट क्रमांकापासून शेवटच्या रकान्यापर्यंत वाचावे. ज्या फोनवर १ आणि ९ अडखळल्याशिवाय वेगळे ओळखू येतील तो घ्यावा. दोन्हींवर आले, तर स्वस्तातला.