नोट परत देऊ नका

बनावट नोट ओळखणे हे रोखपालाचे अर्धेच काम. उरलेले अर्धे काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसाशी असते आणि कच खाल्ली जाते ती तिथेच.

ओळखण्याबद्दल आधी बोलू. मोजणी यंत्रावर आपली भिस्त इतकी वाढली आहे की बोटांची सवय मोडत चालली आहे. पाचशेची सध्याची करडी नोट हातात घ्या. गांधीजींचे चित्र, अशोकस्तंभ, उजवीकडचे वर्तुळ आणि दोन्ही कडांच्या पाच-पाच तिरक्या रेघा बोटाला लागल्या पाहिजेत. ही उठावाची छपाई रंगीत झेरॉक्सला साधत नाही. नोट तिरपी केली की धाग्याचा हिरवा रंग निळा होतो. खाली उजवीकडचा ५०० चा आकडाही तसाच बदलतो. झेरॉक्समधला हिरवा कसाही फिरवा, हिरवाच राहतो. वॉटरमार्क कागद तयार होतानाच त्याच्या कमीजास्त जाडीतून उमटतो, म्हणून तो उजेडासमोर धरल्यावरच खुलतो. टेबलावर सपाट पडलेल्या नोटेतही तो ठळक दिसत असेल, तर तो वरून मारलेला छापा समजा. खूप फिरलेल्या मळक्या नोटेचा उठाव झिजतो. तेवढ्यावरून तिला खोटी ठरवू नका, धागा आणि वॉटरमार्क पाहा. आणि वॉटरमार्कच्या त्याच मोकळ्या जागेत पेनाने आकडे लिहिणारे हात कुणाचे असतात? रिझर्व्ह बँकेने बजावूनही ही खोड पुरती गेलेली नाही.

अफवांचे वेगळेच. नंबरात तारा असलेली पाचशेची नोट खोटी, असे २०२३ मध्ये मोबाइलवर फिरले. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली ती खरीच नोट असते, असा खुलासा रिझर्व्ह बँकेला करावा लागला. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापणाऱ्या महाराष्ट्रात तरी काउंटरवरून अशी अफवा पुढे जाऊ नये.

आता उरलेले अर्धे. ओळखीचा खातेदार, दुकानाचा भरणा, मागे रांग. रोखपाल नोट बाजूला काढून हळूच सरकवतो, “काका, एवढी बदलून द्या.” याला आपण सौजन्य म्हणतो. नियम सौजन्य मानत नाही. बनावट नोट ग्राहकाला परत द्यायची नाही, फाडायची नाही, तिची रक्कम खात्यात जमा करायची नाही. शिक्का मारून ती जप्त करायची आणि पोचपावती द्यायची. ग्राहक सही करायला तयार नसला तरीही. नोट जप्त न करणाऱ्या बँकेचा बनावट नोटा खपवण्यात जाणूनबुजून हात आहे, असे धरले जाते आणि दंडही होतो.

ग्राहक हुज्जत घालतो तो बहुधा पोलिसांच्या धास्तीने. त्याला नीट सांगा. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा निघाल्या, तर पोलिसांकडे महिन्याचा एकत्रित अहवाल जातो. पाच किंवा अधिक निघाल्या, तर मात्र लगेच एफआयआर. भारतीय न्याय संहितेची १७९ आणि १८० ही कलमे नोट खोटी असल्याचे ठाऊक असून ती वापरणाऱ्या किंवा बाळगणाऱ्यासाठी आहेत. भाजीच्या गल्ल्यातून नकळत आलेली नोट भरणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच फसलेला असतो, त्याच्याशी चोरासारखे वागू नका.

शाखाधिकाऱ्यांना एकच विनंती: शिक्का आणि पावतीपुस्तक तुमच्या कपाटात कुलूपबंद असेल, तर आजच ते रोखपालाच्या हाताशी द्या.