रिसीव्हर घेताना वॅटचा हिशेब

होम थिएटरसाठी मध्यम किमतीचा रिसीव्हर घ्यावयास गेलेला ग्राहक प्रथम खोक्यावरील वॅटचा आकडा पाहतो आणि तेथेच फसतो. व्याजाचा दर फ्लॅट की घटत्या शिलकेवर, हे विचारल्याविना कोणी व्यापारी कर्जाच्या कागदावर सही करीत नाही. वॅटबाबत मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. एकच चॅनेल चालवून, ६ ओहमवर, १ किलोहर्ट्झच्या एकाच स्वरावर, १० टक्के विकृती चालवून घेत मोजलेले १५० वॅट एकीकडे. दोन चॅनेल एकत्र चालवून, ८ ओहमवर, २० ते २०,००० हर्ट्झच्या संपूर्ण पट्ट्यात ०.०८ टक्के विकृतीने मोजलेले ८० वॅट दुसरीकडे. भरवसा दुसऱ्या आकड्यावरच ठेवावा. शिवाय वॅट दुप्पट झाले तरी आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो. तेवढीच वाढ ८८ ऐवजी ९१ डेसिबल संवेदनशीलतेचे स्पीकर घेऊनही मिळते, तेव्हा वाचलेला पैसा तिकडे वळवावा.

बारा बाय पंधरा फुटांच्या दिवाणखान्यास ८० खरे वॅट पुरून उरतात. पाच स्पीकर आणि एक सबवूफर एवढेच लावावयाचे असतील, तर नऊ चॅनेलांचे मोल कशाला मोजावे? त्यापेक्षा सोबतच्या माइकने खोलीनुसार आवाज जुळवून देणारी सोय पाहावी.

आणि शोकेसचे माप नेण्यास विसरू नये. हे यंत्र तापते. त्यास वर व मागे मोकळी हवा लागते. काचेच्या बंद कप्प्यात कोंडलेला रिसीव्हर ऐन चित्रपटात आपोआप बंद पडतो आणि दोष दुकानदाराच्या माथी जातो.